पाणी कुठे पिता?

कर्मचाऱ्यांना कंपनी आपली वाटते का, हे शोधून काढायला हल्ली बाहेरून सल्लागार बोलावतात. सल्लागार फॉर्म पाठवतात, एक ते पाच गुण द्या म्हणतात. मग रंगीत आलेख निघतात, टाउन हॉलमध्ये ते पडद्यावर झळकतात आणि केक कापला जातो. इतका खर्च करायची गरज नाही. कुठल्याही ऑफिसात, कारखान्यात, दुकानात जा आणि एवढंच बघा: इथे पाणी कोण कुठे पितं?

तहान लागल्यावर ज्याला कुणाला न विचारता, न बिचकता उठून पाणी पिता येतं, तो माणूस तिथला. ज्याला येत नाही, तो तिथे फक्त राबतो. मग त्याच्या गळ्यात तुमचं कार्ड असो, अंगावर कंपनीचा टी-शर्ट असो, की वाढदिवसाला त्याचा फोटो ग्रुपवर पडत असो. सगळ्या सर्वेक्षणांपेक्षा मला ही कसोटी खरी वाटते. आणि ती माझी नाही. या राज्यात ती शंभर वर्षांपूर्वीच लावून झाली आहे. त्याकडे येतोच. आधी आजचं बघू.

पुण्यातलं एक ऑफिस. पाचवा मजला, काचेच्या भिंती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक खोकं मिळतं, त्यात वही, पेन आणि नाव छापलेली स्टीलची बाटली. पँट्रीत गरम-गार पाण्याची दोन मशिनं, कॉफीचं एक. भिंतीवर आपण सगळे एक टीम आहोत असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. ती अक्षरं रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसणाऱ्या बाई सातला कामावर येतात. त्यांचं पाणी घरून येतं, कोल्ड्रिंकच्या जुन्या दोन लिटरच्या बाटलीत. ती बाटली झाडू-पोछ्याच्या कपाटात फिनाइलच्या कॅनशेजारी उभी असते. वीस लिटरचे जार खांद्यावरून आणून मशिनवर उलटे करणारा मुलगा त्या मशिनचं पाणी पीत नाही. खाली वॉचमनच्या केबिनपाशी नळ आहे, तिथे जातो.

दुपारी दीड वाजता सफाईच्या तिघी जणी आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यात बसून जेवतात. खाली खोक्याचा पुठ्ठा फाडून अंथरलेला. भाकरी, ठेचा, कुणाच्या डब्यात मेथी. दाराला ते आपोआप बंद करणारी दांडी आहे, त्यामुळे जिन्यात एसी येत नाही आणि उजेडही बेताचाच. पँट्रीत का बसत नाही, असं विचारलं तर एकीने सांगितलं, ‘तिथं साहेब लोक असतात ना.’ कुणी नको म्हटलं का? ‘नाही हो. नको कोण कशाला म्हणंल?’

अगदी खरं आहे. नको कुणी म्हटलेलं नाही. या बसा, असंही कुणी म्हटलेलं नाही. पँट्रीत तेव्हा बारा खुर्च्या रिकाम्या होत्या.

हे वाचून कुणी म्हणेल, त्या आमच्या कर्मचारी नाहीत, एजन्सीच्या आहेत. मला नेमकं याच वाक्याशी भांडायचं आहे. मजला तुमचा, कचरा तुमचा, संडास तुमचा, तो साफ करणारे हात मात्र एजन्सीचे? हात कुणाच्या पगारपत्रकावर आहेत, याच्याशी तहानेचा संबंध काय?

आता शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून एक तरुण १९१७ मध्ये परत आला. करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. त्या कचेरीतल्या कुणापेक्षाही जास्त शिकलेला. धनंजय कीरांनी चरित्रात लिहून ठेवलं आहे, की शिपाई त्याच्या टेबलावर कागदांची भेंडोळी लांबूनच टाकत आणि कचेरीत त्याला प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा नव्हती म्हणून तो एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून बजावून गेली. तो बडोदा सोडून मुंबईला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी परवानगी काढून येऊन बसत. आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. चवदार तळ्याची ओंजळ सगळ्या जगाला माहीत आहे. २० मार्च १९२७. त्याच्या आठेक वर्षं आधी हा सामना प्राध्यापकांच्या खोलीत झडला होता, सुशिक्षित, इस्त्रीचे कपडे घालणाऱ्या, अर्थशास्त्र आणि कायदा शिकवणाऱ्या माणसांमध्ये.

मी या प्रसंगापाशी थांबतो, कारण आपल्याला वाटतं ते सगळं त्याने खोटं ठरतं. शिक्षण घ्या, मान मिळेल. पद मिळवा, लोक आपलं म्हणतील. इथे शिक्षण होतं, पद होतं, पगार होता, विद्यार्थ्यांची गर्दी होती. खुर्ची नेमणुकीच्या पत्राने मिळाली. भांड्यातलं पाणी शेजारी बसणाऱ्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ते अडवलं. वरचा साहेब नव्हे, मालक नव्हे, शेजारी बसणारा. कामाच्या जागी माणसाला परकं ठेवण्याचं काम बहुतेक वेळा शेजारी बसणाराच करतो.

मुंबईच्या गिरण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चालू होतं. गिरणीत कपडा विणायच्या खात्यात मजुरी चांगली मिळे. तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. बाकी खात्यांत चालेल, इथे नको. सोबत काम करायचं, एकाच भोंग्यावर यायचं, एकाच संपात उपाशी राहायचं, पण चांगल्या मजुरीच्या दारात थुंकीचा प्रश्न उभा. आणि ही हरकत मालकांची नव्हती, कामगारांची होती.

१९२८ मध्ये गिरण्यांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्यात आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, सगळी खाती सगळ्यांना खुली करण्याची मागणी घाला, नाहीतर आमच्या माणसांना मी संपात राहा म्हणणार नाही. मागणी नाराजीने का होईना, घातली गेली. मालकांनी हात वर केले: हा अन्याय आमचा नाही, कामगारांचा आपसातला आहे.

आज कुठल्याही एचआरकडे जा. ‘कंपनीचं असं काहीही धोरण नाही,’ हेच उत्तर मिळतं. शब्द वेगळे, अर्थ तोच.

आता कुठे राहिलंय असलं काही, असा प्रश्न हमखास येतो. तो विचारणाऱ्याचं आडनाव बहुतेक वेळा त्याच्या बाजूने असतं. लातूरचा, परभणीचा, चंद्रपूरचा मुलगा पहिल्या नोकरीला पुण्यात येतो. पहिल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतं, ‘नाव काय म्हणालास? पूर्ण नाव?’ तो नाव आणि वडिलांचं नाव सांगतो. ‘आडनाव?’ आडनाव सांगतो. त्यावरून नीट कळलं नाही तर, ‘गाव कुठलं? गावात कुठे घर?’ विचारणारा हसून विचारतो, खांद्यावर हात ठेवून विचारतो. मुलाला मात्र प्रश्न सुरू होतानाच कळलेलं असतं, की हा कुठे जाऊन थांबणार आहे. पुढच्या आठवड्यात डबा खायला बोलावणं येतं की नाही, त्यावरून उत्तर कसं पोहोचलं तेही कळतं. आजवर या प्रश्नाबद्दल मेमो मिळालेला माणूस मी पाहिलेला नाही.

डब्याचंही तसंच. सुकट आणलीस तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नको, वास येतो. अंडं असेल तर पलीकडच्या टेबलावर. हे सांगणाऱ्या लोकांना आपण कुणाला काही चुकीचं सांगतोय असं वाटत नाही. ज्याला सांगितलं जातं, तो दुसऱ्या दिवसापासून बटाट्याची भाजी आणतो आणि एकटा जेवतो. घरी आई विचारते, कोळंबी का नेत नाहीस? तो म्हणतो, वेळ नसतो गं आई, घाईत खातो.

आणि आपली घरं? तीही कुणाची तरी कामाची जागा आहेत. दहा-दहा वर्षं भांडी घासणाऱ्या बाईंचा कप वेगळा असतो, ओट्याखाली किंवा खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, बहुधा कान तुटलेला. कुटुंबातल्यासारखीच आहे आमची सुनीता, असं ज्या घरात सांगतात त्याच घरात तो कप असतो. सोसायटीच्या लिफ्टपाशी घरकाम करणाऱ्यांनी आणि सामान पोचवणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये, अशी पाटी असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. कप मात्र कुठल्याही कायद्याने बदलत नाही. तो आपणच बदलायचा आहे, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

कायद्याला मात्र कमी लेखू नका. १९४८ चा कारखाने अधिनियम आठवा. त्याच्या अठराव्या कलमात पिण्याच्या पाण्याची सोय सांगितली आहे, तीही किती बारकाईने! पाणी सगळ्यांना सोयीचं पडेल अशा जागी हवं. तिथे ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं हवं आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हवं. ती जागा मुतारी, संडास, पिकदाणी, सांडपाण्याचं गटार यांपासून सहा मीटरच्या आत नको. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायचं. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांनी कामगाराचा एक दिवस डोळ्यांसमोर आणला होता. तो अधिनियम आता नव्या कामगार संहितेत गेला आहे. पाणी, संडास, विश्रांतीची जागा ही जबाबदारी कायम आहे.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० च्या कायद्याने असंच म्हटलं: कंत्राटदाराने पाणी, संडास, विश्रांतीची खोली आणि शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथे कँटीन द्यायचं. आणि कंत्राटदाराने नाही दिलं, तर मूळ मालकाने द्यायचं आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करायचा. म्हणजे ‘त्या एजन्सीच्या आहेत’ हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच कायद्याने बाद केलं आहे. तरी ते आजही चारचौघांत ठणकावून दिलं जातं आणि ऐकणारे मान डोलावतात.

चाकणच्या, रांजणगावच्या पट्ट्यात शिफ्ट सुटताना उभे राहा. एकाच लाइनवर, एकाच गाडीचे बोल्ट आवळणारी दोन पोरं बाहेर पडतात. एकाच्या गळ्यातली पट्टी एका रंगाची, दुसऱ्याची दुसऱ्या. एक पर्मनंट, एक कंत्राटी. बस वेगळी. कँटीनचं कूपन वेगळं. दिवाळीला एकाला बोनस आणि दुसऱ्याला मिठाईचा पुडा. कंत्राटी पोराचे २४० दिवस भरत आले की त्याला ‘ब्रेक’ देतात. पंधरा दिवस गावाकडे जाऊन ये, मग नव्या नावाच्या एजन्सीकडून परत ये. लोकांना वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. तरी अशा कारखान्यांत सुरक्षा सप्ताहाला शपथ घ्यायला सगळ्यांना एका रांगेत उभं करतात आणि हा कारखाना माझा आहे, असं म्हणायला लावतात. ज्या पोराला पुढच्या महिन्यात गेटच्या आत सोडणार की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडून हे वाक्य म्हणवून घेणं मला क्रूर वाटतं.

यापुढची पायरी म्हणजे पाणी समोर असून न पिणारी माणसं. या सगळ्या बायका आहेत.

साडीच्या मोठ्या दुकानात दिवसभर उभं राहून पदर उलगडणाऱ्या मुली. चौकात ड्यूटी लागलेल्या महिला पोलीस. एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाडीवरच्या कंडक्टर. पिशवीत बाटली असते, भरलेली. सकाळी एक घोट, मग थेट संध्याकाळी. कारण पाणी प्यायलं तर जायचं कुठे? दुकानात संडास नाही, किंवा आहे तो पुरुषांबरोबर एकच, किंवा गोदामामागे, किंवा गेल्यावर मॅनेजर घड्याळ बघतो. मूतखडा, लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग यांची पाळी ज्यांच्यावर येते त्यांना कारण ठाऊक असतं. डॉक्टर सांगतात भरपूर पाणी प्या. त्या मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा भरलेलीच घरी येते. मुंबईत २०११ पासून महिलांनी ‘राइट टू पी’ या नावाने मोहीम चालवली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. नाव ऐकायलाही ज्यांना लाज वाटली, त्यांना आपल्या दुकानातली मुलगी बारा तास कशी काढते हे बघायची लाज वाटली नव्हती.

केरळात हे भांडण बायकांनी जिंकून दाखवलं. कोळिकोडच्या मिठाई थेरुवू या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या बायकांना संडास नव्हता आणि बसायचीही मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ‘पेनकूट्टू’ नावाने बायका एकत्र केल्या. आधी संडास मागितला, मग खुर्ची. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांचा कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही कायदा केला. एक स्टूल. दुकानदाराला किती महाग पडतं? पण त्या स्टुलावर बसलेली बाई गिऱ्हाइकाला वेगळी दिसते. ती या दुकानाची आहे, असं दिसतं. मालकांचा विरोध स्टुलाच्या किमतीपायी असणं शक्यच नाही.

आपल्याकडच्या उसाच्या फडात तर बाईचं नावही लागत नाही. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेब जोडीचा आणि तो नवऱ्याच्या हातात. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पालापाशी संडास नाही, पाणी लांबून आणायचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, हे एक कारण त्या बायकांनीच सांगितलं. कामाच्या जागी बाईच्या शरीराला जागा नाही म्हणून तिने शरीराचा एक भाग काढून टाकला. आपण चहात जी साखर घालतो, तिची ही कामाची जागा आहे. यापुढे मला कुठल्याही कंपनीचं आपलेपणाचं पोस्टर वाचवत नाही.

नाव लागणं किती मोठी गोष्ट आहे, ते मुंबईच्या कचरा कामगारांना विचारा. महापालिकेच्या गाडीवर महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या माणसांना कंत्राटात एका काळी चक्क ‘स्वयंसेवक’ म्हटलं होतं. स्वयंसेवकाला किमान वेतन लागू होत नाही. हातमोजे नाहीत, कपडे बदलायला चौकी नाही, हात धुवायला पाणी नाही. दिवसभर कुजकं उचलून त्याच हाताने भाकरी खायची. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घातले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल लागला: हे महापालिकेचे कायम कामगार आहेत. त्यानंतरही कित्येकांची नेमणूक अडली. कशावरून? यादीतलं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे म्हणून. कंत्राटदाराच्या माणसाने ज्यांची नावं ऐकून कशीबशी लिहिली, त्यांना वीस वर्षांनी एका अक्षरापायी पुन्हा रांगेत उभं केलं.

या सगळ्यात एक माणूस मला आधाराला लागतो. बाबा आढाव. सत्तरच्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत ते गावोगाव हिंडले. विहिरीवर कोण येतं, कोण लांब उभं राहतं, हे स्वतः जाऊन पाहिलं, लोकांशी बोलले, भांडले, पुस्तकही लिहिलं. आणि याच माणसाने पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पाठीवर पोती वाहणारा हमाल. त्याला मालक एक नाही, दुकानं दहा, भाव अडत्याच्या मर्जीवर. संघटना झाली, महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मंडळाच्या वहीत हमालाचं नाव नोंदलं जाऊ लागलं. त्याच्या पोटासाठी ‘कष्टाची भाकर’ निघाली, स्वस्त आणि पोटभर. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यातही बाबा होते. कचरा वेचणाऱ्या बायकांना तोवर पोलीस आणि सोसायटीचे वॉचमन चोर समजून हाकलत. पंचायतीने त्यांना पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवून दिली. फोटो, नाव, शिक्का. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली.

पाणवठा आणि हमाल पंचायत ही मला एकाच माणसाची दोन वेगळी कामं वाटत नाहीत. गावच्या विहिरीवर ज्याला लांब उभं केलं, त्यालाच शहरातल्या बाजारात पोत्याखाली उभं केलं होतं. बाबांनी दोन्हीकडे विचारलेला प्रश्न सारखाच: हा माणूस इथला आहे की नाही? असेल, तर पाणी द्या, भाकर द्या, वहीत नाव लिहा.

आपलेपणाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी तीन दिवस हॉटेलात काढण्यापेक्षा एक दिवस मार्केट यार्डात काढावा. तिथे कुणी टीमभावनेवर भाषण देत नाही. हमालाला नोंदलेलं नाव आहे, ठरलेला भाव आहे, म्हातारपणाची काही सोय आहे आणि मागे उभी राहणारी संघटना आहे, म्हणून तो छाती काढून चालतो. आपलेपणा त्यातून आला.

तुम्ही ऑफिसात जाणारे असाल, तर कंपनी बदलायची वाट बघू नका. सोमवारी दुपारी सफाईच्या बाई कुठे जेवतात ते पाहा. त्यांना नावाने हाक मारून पँट्रीत बोलवा आणि पहिले काही दिवस स्वतः त्यांच्याबरोबर बसा, म्हणजे बाकीच्यांचे डोळे सरावतील. नवा मुलगा आला असेल तर त्याचं आडनाव विचारू नका, जेवायला चल म्हणा. त्याच्या डब्यात काय आहे यावर नाक वाकडं करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. साडी घ्यायला जाल तेव्हा दाखवणाऱ्या मुलीला स्टूल आहे का ते बघा आणि नसेल तर गल्ल्यावर बसलेल्या शेठना विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेलं ते ऐकतात. घरातला तो वेगळा कप आजच टाकून द्या.

आणि एचआरमध्ये असाल, तर पुढचा फॉर्म पाठवण्याआधी एक परिपत्रक काढा: या इमारतीत काम करणारा प्रत्येक जण, तो कुणाच्याही पगारपत्रकावर असो, याच पँट्रीत बसेल, हेच पाणी पिईल आणि हाच संडास वापरेल. खाली सही करा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.